भिंतीच्या टोकाचा ठिपका

आमच्या शहरातल्या फोटोग्राफर मंडळींत फोटो न काढणारी मी एकटीच. गेली एकोणचाळीस वर्षं मंडळाच्या प्रत्येक प्रदर्शनाला मी हजर असते, पण भिंतीवर माझं काहीही नसतं. मी ठिपके भरते. एवढंच सांगितलं की लोक मान डोलावून विषय बदलतात, म्हणून आधीच नीट सांगते. निगेटिव्हवर धुळीचा कण बसला की प्रिंटवर त्या जागी पांढरा ठिपका उमटतो. डार्करूममध्ये कितीही फुंका, कितीही झटका, धूळ कुणाच्या बापाला भीत नाही. मग ती प्रिंट माझ्याकडे येते. तीन शून्यांचा, म्हणजे केसाएवढ्या टोकाचा ब्रश, काळ्या-करड्या रंगांच्या चार बाटल्या, एक भिंग आणि उत्तरेची खिडकी एवढ्यावर मी तो ठिपका आजूबाजूच्या छटेत असा मिसळून टाकते, की ज्याने फोटो काढला त्यालाही तो कुठे होता ते सांगता येऊ नये.

हल्ली बरेच जण सगळं कॉम्प्युटरवरच पुसतात. तरी डार्करूमवर जीव असलेले दहा-बारा जण अजून आहेत आणि त्यांना माझ्या दाराशी यावंच लागतं. मंडळात मला ठिपकेताई म्हणतात. माझ्या कामात कुणी खोट काढली तर मी त्याची चांगली हजेरी घेते, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. पाठीमागे ते मला काय म्हणतात ते माझ्या कानावर आलेलं आहे आणि त्यात फारसं चूक नाही.

काम मी आत्याकडून शिकले. पुढे वडिलांचं फ्रेमचं दुकान आणि मागे खिडकीशी आत्याचं टेबल अशी आमची मांडणी होती. आता पुढे आमचे हे फ्रेमा ठोकतात आणि मागे मी बसते. आत्याने पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगितली होती, प्रिंट कायम उलटी ठेवायची. आकाश खाली, जमीन वर. सरळ ठेवलीस तर फोटो बघत बसशील आणि ठिपके राहून जातील, असं तिचं म्हणणं. आणि ते खरंच आहे. उलट्या प्रिंटमध्ये घर घर राहत नाही की माणूस माणूस राहत नाही. नुसत्या छटा उरतात आणि जे मधेच पांढरं टोचतं ते लगेच डोळ्यात भरतं. मी हा नियम एकदाही मोडला नाही, याचा मला परवा-परवापर्यंत भारी अभिमान होता.

मंडळ म्हणजे दर रविवारी सकाळी एका शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात जमणारी तीस-चाळीस माणसं. त्यात बँकेतले एक कॅशियर आहेत, ते फक्त सावल्यांचे फोटो काढतात. एक बस ड्रायव्हर आहेत, त्यांचे सगळे फोटो काचेवरच्या वायपरसकट असतात. एक नर्सबाई रिकाम्या खुर्च्यांच्या मागे लागलेल्या आहेत. दिवसभर भरलेले पलंग बघून वीट येतो म्हणतात. नियम असा, की ज्याचा फोटो बाकावर उभा केलाय त्याने सगळ्यांचं बोलून होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. लोक काहीही म्हणोत, आपण मूग गिळून बसायचं. या नियमापायी कॅशियर दोनदा मंडळ सोडून गेले आणि दोनदा परत आले.

मंडळातले सगळ्यांत जुने म्हणजे थांबाकाका. पाणीपुरवठा खात्यात नोकरीला होते. कॅमेरा स्टँडवर लावला की "थांबा, उजेड येतोय" म्हणायचे, आणि तो उजेड येईपर्यंत बरोबरची माणसं जेवायला जाऊन परत यायची. एकदा मंडळाचा ग्रुप फोटो काढताना त्यांनी आम्हाला इतकं ताटकळत ठेवलं, की अर्ध्या लोकांचे डोळे पेंगुळलेले आले आहेत. त्यांचा एक फोटो मात्र शहरभर माहीत आहे. तलावाची लांबच लांब दगडी भिंत, दोन्ही बाजूंना सकाळचं धुकं, आणि भिंत संपते तिथे झाडांचा काळा पट्टा. बस्स. मंडळाच्या अकराव्या प्रदर्शनात त्याला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी त्याचं नावही ठेवलं, 'निर्मनुष्य'. मंडळाच्या पत्रकावर, लेटरहेडवर, पावतीपुस्तकावर तोच फोटो आहे. मी एकोणीस वर्षांची असताना मंडळाचं जे पहिलं काम माझ्या हाती आलं त्यातही तो होता, म्हणून मला तो जरा माझाच वाटायचा.

यंदा पन्नासावं प्रदर्शन. 'निर्मनुष्य' दारासमोरच्या भिंतीवर लावायचं ठरलं. काकांच्या घरची फ्रेम जुनी, काच तडकलेली, आणि त्यांच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. म्हणून एका सकाळी काकू तो फोटो चादरीत गुंडाळून टॅक्सीने दुकानात घेऊन आल्या. काकू पूर्वी टेलिफोन ऑपरेटर होत्या. सत्तरीतही आवाज तसाच आहे, प्रत्येक शब्द वेगळा आणि स्वच्छ. इतक्या वर्षांत त्यांना मंडळाच्या कुठल्याच प्रदर्शनात पाहिल्याचं मला आठवत नव्हतं. मला वाटायचं, नवऱ्याच्या छंदाचा कंटाळा असेल, त्यात नवल काय.

ह्यांनी चहा आणला. मी काकूंना बरं वाटावं म्हणून फोटोची तारीफ सुरू केली. म्हटलं, मंडळाचं नाक आहे हा फोटो.

"असेल," काकू म्हणाल्या. "मी होते त्यात. यांनी मला पुसून टाकलं."

मी हसले. काकू हसल्या नाहीत. मग चहा पिता पिता त्यांनी जे सांगितलं ते असं. लग्नाला सहा वर्षं झाली होती. काका त्यांना पहाटे तलावावर घेऊन गेले, पाच मिनिटांचं काम आहे म्हणाले, आणि दोन तास झाले तरी उजेड काही त्यांच्या मनासारखा येईना. थंडी मी म्हणत होती, पोटात काही नव्हतं, बाराला ड्यूटी होती. शेवटी काकूंचं डोकं फिरलं आणि त्या भिंतीवरून तरातरा चालत सुटल्या. पार टोकाला, झाडांपाशी पोचल्यावर त्यांनी वळून हात वर केला. नेमका तेव्हाच काकांनी फोटो घेतला. घरी निगेटिव्ह धुतल्यावर दिव्यासमोर धरून दाखवली, ही बघ तू. मोहरीएवढी होते, काकू म्हणाल्या, पण मी होते. अंगात स्वतः विणलेला पांढरा स्वेटर होता. सहा वर्षांत या माणसाने पंपांचे, व्हॉल्व्हचे, पाण्याच्या टाक्यांचे फोटो काढले होते, बायकोचा एकही नाही. त्यामुळे त्या अगदी हरखून गेल्या होत्या.

प्रदर्शनाला त्या एक्स्चेंजमधल्या दोन मैत्रिणींना घेऊन गेल्या. चला, माझा फोटो लागलाय, असं सांगून. फोटोसमोर गर्दी होती, परीक्षक बोलत होते, बक्षिसाची फीत लावलेली होती. काकूंनी वाकून भिंतीच्या टोकाशी पाहिलं, तर तिथे नुसती झाडं.

"मैत्रिणींना म्हटलं, दुसरा कुठलातरी असेल," काकू म्हणाल्या. "घरी आल्यावर यांना विचारलं. म्हणे, धूळ समजून गेलं असेल. हातात बक्षीस धरून सांगत होते. मी काय बोळ्याने दूध पीत होते का?"

मग त्या उठल्या. संसार चांगला झाला, असं स्वतःहून म्हणाल्या. यांच्याबद्दल माझी एवढीच एक तक्रार आहे आणि ती मी जपून ठेवली आहे, मी काही तुमच्या प्रदर्शनाला येणार नाही, फ्रेम मात्र चांगली कर. एवढं बोलून त्या गेल्या. एरवी माझी जीभ कात्रीसारखी चालते. त्या दिवशी त्यांना टॅक्सीपर्यंत सोडताना "सावकाश" एवढंच कसंबसं म्हणाले.

आत येऊन मी फ्रेम उघडली, प्रिंट खिडकीशी नेली आणि सवयीने उलटीच ठेवली. भिंग लावून तिरप्या उजेडात झाडांचा पट्टा तपासला. माझं काम कुणाला सापडत नाही, पण मला सापडतं. आत्या मधोमध एक थेंब सोडायची. मी पहिल्यापासून कडेने आत येते, बारीक बारीक पाच टिंबं. ती पाच टिंबं तिथे होती, आणि एका बाजूला खाली ओढलेली केसाएवढी रेघ. धुळीच्या तंतूला अशी शेपूट असतेच, म्हणून मला तेव्हा शंका आली नसणार. आता प्रिंट सरळ केली आणि कळलं, की ती शेपूट वर जात होती. तो काकूंचा हात होता.

नवऱ्याने पुसलं म्हणून एक बाई एकोणचाळीस वर्षं मनात सल धरून बसली होती, आणि पुसलं होतं मी. शिवाय बाकीच्या कामांसारखी त्याचीही वाहवा मिळवली होती. हे खिळे तोंडात धरून माझ्याकडे बघत होते. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी खिळे काढून हातात घेतले आणि म्हणाले, रडू नंतर, आधी ते परत निघतंय का बघ.

त्या रविवारी काका ऑपरेशननंतर पहिल्यांदाच काठी घेऊन बैठकीला आले. बैठक संपल्यावर मी त्यांना वर्गाबाहेरच्या बाकावर गाठलं आणि आडवळणं न घेता सांगितलं, की काकूंना मी पुसलं. वाटलं होतं, चिडतील. पण काका बुटाच्या टोकाकडे बघत राहिले.

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "फोटो टांगला तेव्हाच दिसलं. तुला झापायला म्हणूनच मी निघालो होतो."

पण तेवढ्यात परीक्षक फोटोपाशी आले आणि बोलू लागले. या चित्रात माणसाचा मागमूस नाही, हेच त्याचं सामर्थ्य, असं काहीबाही. लोक माना डोलावत होते. आणि आपला नियम तर होताच, काका म्हणाले, ज्याचा फोटो त्याने गप्प राहायचं. तो नियम त्या दिवशी त्यांच्या फार सोयीचा होता. नंतर बक्षीस मिळालं, मग वर्तमानपत्रात आलं, मग पत्रकावर. दर वेळी वाटायचं, आता सांगू, आणि दर वेळी ते जास्त अवघड होत गेलं. बायकोला खरं तेच सांगितलं होतं, धूळ समजून गेलं. पण बक्षीस परत करून सांगितलं असतं तर तिने विश्वास ठेवला असता. नवीन प्रिंट काढून तिच्या हातात द्यायची म्हणून ठेवलेली निगेटिव्ह त्यांनी इतकी जपून ठेवली, की दोन वर्षांनी पाकीट उघडलं तर तिला बुरशीने खाल्लं होतं. म्हणजे जगात ही एकच प्रिंट आणि तिच्यावर माझी पाच टिंबं.

मी त्यांना सांगितलं, रंग पाण्यात विरघळणारा आहे. काळा डाग असता तर मी ब्लेडने खरवडला असता आणि मग सगळं संपलं असतं. पण पांढऱ्यावर भरलेला रंग ओला करून उचलता येतो. धोकाही सांगितला. चाळीस वर्षांची प्रिंट, भिजली की वरचा थर फुगतो, सुटला तर भोक पडेल आणि ना फोटो राहील ना काकू. काकांनी यावर काय म्हणावं? थांब, म्हणाले. आणि चार दिवस थांबले. पाचव्या दिवशी सकाळी फोन आला, तुझ्या हातून गेलं ते तूच परत आण.

तोवर ही बातमी अध्यक्षांच्या कानी गेली होती. अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. समोरचा बोलत असला की त्याच्या तोंडात बघत राहतात, त्यामुळे त्यांच्याशी भांडताना माणूस आपोआप ओठ मिटून घेतो. ते दुकानात येऊन मला समजावू लागले. ताई, दारावरचा मोठा फलक छापून आलाय, त्यावर 'निर्मनुष्य' लिहिलंय, ऐतिहासिक प्रिंट आहे, तुम्ही आता तिला हात लावणार? मी म्हटलं, डॉक्टर, तुम्ही चुकून चांगला दात काढला असता, आणि तो परत बसवता येत असता, तर फलकाची वाट बघितली असती का? ते दाराकडे वळले. मग म्हणाले, मी काही ऐकलेलं नाही, आणि ऐकलंच नसल्याप्रमाणे निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास, खिडकीत उजेड एकसारखा झाल्यावर मी बसले. ह्यांनी दुकानाचं दार ओढून घेतलं आणि पंखा बंद केला. या वेळी प्रिंट सरळ ठेवली. आत्या असती तर तिने डोळे वटारले असते. वाटीभर पाण्यात अमोनियाचा एक थेंब टाकला, ब्रश बुडवून टिपकागदावर टेकवला आणि पहिल्या टिंबावर नुसता ठेवला. मग टिपकागदाच्या टोकाने टिपलं. कागदावर काही आलं नाही. पुन्हा ठेवलं, पुन्हा टिपलं. दहा-पंधरा वेळा असंच झालं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. आमच्या दुकानातला उत्तम रंग, कधीही उठणार नाही, अशी फुशारकी मीच मारत आले होते.

मग टिपकागदावर सुईच्या टोकाएवढा करडा डाग दिसला. ह्यांना मी हाक मारली नाही, पण ते मागे येऊन उभे होते. पुढचा दीड तास मी फारशी हललेच नाही. एक टिंब उठलं, दुसरं उठलं. तिसरं निघता निघता वरचा थर फुगून चमकायला लागला तेव्हा हात आवरला आणि प्रिंट पूर्ण सुकेपर्यंत आम्ही दोघं समोरासमोर बसून राहिलो. एकमेकांशी बोललो नाही, जणू बोललं तर प्रिंटला धक्का लागला असता. दुपारी उरलेली दोन काढली. रेघ सगळ्यात शेवटी. संध्याकाळच्या आत पट्टा सुकला आणि मी भिंग लावलं. काळ्या झाडांवर एक पांढरी, उभी, मोहरीएवढी बाई होती आणि तिने हात वर केला होता. मला रडू आलं. ह्यांनीही पाहिलं आणि म्हणाले, चांगली रागावलेली दिसते. एवढ्याशा ठिपक्यावरून त्यांना राग कुठून दिसला कोण जाणे, पण मलाही दिसला.

आता काकूंना सांगणं उरलं. ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. मी घरी गेले. काका फिरायला बाहेर पडले होते. काकू पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं.

"काकू, तुम्हाला मी पुसलं. काकांनी नाही. प्रिंट उलटी होती आणि मला तुम्ही धूळ वाटलात."

काकूंच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. मग त्यांनी मला बसायला सांगितलं, सगळं पहिल्यापासून विचारलं, उलटी म्हणजे कशी, ती शेपूट कुठली, रंग कसा निघाला. मी माफी मागितली. त्यांनी हात झटकला. तू तेव्हा पोरगी होतीस, म्हणाल्या, आणि धुळीचं काम करणाऱ्याला धूळच दिसणार. तुझ्यावर माझा राग नाही. पण ते त्या दिवशी त्या माणसांसमोर गप्प का बसले, हे तुला नाही सांगता येणार, आणि घरात चारचौघांच्या माघारी मला ते ऐकायचंही नाही. प्रदर्शनाला याल का, असं मी विचारलं. नाही म्हणाल्या, आणि टॉवेलची घडी पूर्ण केली. मी हिरमुसून परत आले. ठिपका परत आला होता, पण ज्यासाठी आणला ते काम अर्धवटच राहिलं होतं.

उद्घाटनाला हॉल भरला होता. दाराशी 'निर्मनुष्य' असा हातभर अक्षरांचा फलक, आणि आत समोरच्या भिंतीवर काकूंसकट फोटो. ह्यांनी फ्रेमच्या बाजूला दोऱ्याने एक भिंग बांधून ठेवलं होतं, ते कशासाठी हे कुणाला कळत नव्हतं. अध्यक्षांचं भाषण झालं. पन्नास वर्षांच्या वाटचालीचा आढावा घेऊन ते फोटोपर्यंत आले, आणि तेवढ्यात काका काठी टेकत उठले. फोटोवर बोलणं चालू असताना ज्याचा फोटो तो उठला, असं मंडळात कधी झालं नव्हतं. अध्यक्ष बोलायचे थांबले.

"हे बक्षीस चुकीच्या फोटोला मिळालं होतं," काका म्हणाले. "या फोटोत माझी बायको होती. ती पुसली गेली ते मी पाहिलं आणि बक्षिसासाठी गप्प बसलो. ती आता परत आलीय. बक्षीस मी परत करतो."

खिशातून पदक काढून त्यांनी अध्यक्षांच्या हातावर ठेवलं. मग नर्सबाई पुढे झाल्या, भिंग उचलून वाकल्या आणि "अगंबाई, आहेत की" म्हणाल्या. त्यानंतर जी रांग लागली ती दारापर्यंत. चहा गार झाला, बाकीचे एकशे वीस फोटो बिचारे भिंतीवर लटकत राहिले. बस ड्रायव्हरांचं म्हणणं पडलं की फोटो आधीपेक्षा चांगला झालाय. आता ती भिंत कुठेतरी जाते. कॅशियर म्हणाले, सावली असती तर अजून बहार आली असती. पदकाचं काय करायचं यावर कार्यकारिणीची बैठक झाली. परत घेण्याची तरतूदच घटनेत नसल्याने ते सध्या अध्यक्षांच्या दवाखान्यात, कवळ्यांच्या कपाटात पडलेलं आहे.

काकू उद्घाटनाला आल्या नव्हत्या. पण आमचं शहर काही एवढं मोठं नाही. दुसऱ्या दिवशी भाजीच्या दुकानात एका अनोळखी बाईने त्यांना थांबवून सांगितलं, तुम्हाला काल पाहिलं हो. औषधांच्या दुकानदाराने विचारलं, थंडी बरीच होती वाटतं त्या दिवशी. एक्स्चेंजमधल्या त्या दोन मैत्रिणींपैकी एक आता मुलाकडे परगावी असते. तिचाही फोन आला, की अगं, म्हणजे तू खरंच होतीस. काका उभं राहून काय बोलले, हे काकूंनी निदान सहा जणांच्या तोंडून ऐकलं असेल. स्वतः काकांनी मात्र घरी चकार शब्द काढला नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी काकू आल्या. आमच्याकडे प्रत्येकाने पाळीपाळीने खुर्ची टाकून फोटोंपाशी बसायचं असतं, आणि त्या दुपारी पाळी काकांची होती. हॉलमध्ये मी आणि हे सोडून फारसं कुणी नव्हतं. काकूंना दारात बघून काका उठायला लागले, पण गुडघ्याने दगा दिला. काकूंनी हातानेच बसा म्हटलं. मी सभ्यपणे तीन फोटो पलीकडे सरकले आणि एका वायपरकडे एकटक बघत उभी राहिले. कान अर्थातच इकडे होते.

काकूंनी भिंग उचललं आणि वाकून पाहिलं. बराच वेळ पाहत राहिल्या.

"स्वेटर बरा दिसतोय," त्या म्हणाल्या.

काका हो म्हणाले. मग जरा घसा साफ करून म्हणाले, "तू मला बोलावत होतीस. हात वर करून."

काकूंनी भिंग खाली सोडलं. "बोलावत नव्हते. जाते म्हणत होते. पलीकडच्या रस्त्यावरून बस मिळते. आईकडे निघाले होते, कायमची."

मी वायपरवरचा डोळा हलवला नाही. एकोणचाळीस वर्षांत हे त्यांना माहीत नव्हतं, हे त्यांच्या पुढच्या एका शब्दावरूनच कळलं.

"मग?" त्यांनी विचारलं.

"मग काय. तुम्ही स्टँड, बॅग सगळं तिथेच टाकलंत आणि धावत सुटलात. उजेड तेव्हा कुठे चांगला आला होता. तो टाकून आलात. तुम्हाला असं धावताना मी कधी पाहिलं नव्हतं, आधी नाही आणि नंतरही नाही. बस आली आणि गेली."

"मला वाटलं तू बोलावते आहेस."

"तसं वाटलं ते बरं झालं," काकू म्हणाल्या.

ह्यांनी कोपऱ्यातून एक खुर्ची उचलून आणली आणि काकांच्या खुर्चीशेजारी ठेवली. काकू बसल्या. पर्स मांडीवर घेतली आणि जणू आपलीही पाळी असल्यासारख्या समोर बघू लागल्या. थोड्या वेळाने एक माणूस आत आला, हातात पत्रक घेऊन. पत्रकावरचा फोटो आणि भिंतीवरचा फोटो त्याने दोन-तीनदा ताडून पाहिला, पुढे वाकला आणि झाडांच्या पट्ट्याकडे बोट करून विचारलं, "इथे कुणी आहे का हो?"

काकांनी तोंड उघडलं होतं, पण काकूंनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"मी आहे," त्या म्हणाल्या.